आव्हीझला जाण्याआधी

प्रिय निखिल,

फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या तुझ्या सहलीचा तक्ता मिळाला. तीन दिवसांत वाइनची अकरा तळघरं! वाचून तुझ्याइतकाच मीही हरखलो, पण तू पुढची बुकिंगं करण्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. दिवसाला वाइन करणारी दोनच घरं धर. एक सकाळी दहाला, दुसरं दुपारी तीनला. मधल्या वेळात तिथे सगळे जेवायला बसतात, तेव्हा कोणाचं दार वाजवू नकोस.

मोठ्या कंपन्यांकडे पाहुण्यांसाठी वेगळी माणसं नेमलेली असतात. छोट्या घरी तुला दार उघडणारा माणूसच सकाळी बागेत वेलींची छाटणी करून आलेला असतो, बाटल्यांवर लेबलंही तोच चिकटवतो. तुला दिलेला दीड तास तो कामातून काढतो. गेल्या खेपेला पहिल्या घरी गप्पा रंगल्या आणि दुसऱ्या घरी मी पाऊण तास उशिरा पोचलो, साधा फोनही न करता. मालकीणबाई अंगणात वाट पाहत उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पण मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली होती, त्यामुळे तळघर राहिलं. उभ्याउभ्या एक पेला हातात दिला, तोही हसून. ते अजून मनाला लागून आहे.

घरं निवडताना लेबलावरची बारीक अक्षरं बघ. ‘आरएम’ म्हणजे स्वतःच्या द्राक्षांची वाइन स्वतः करणारा. ‘एनएम’ म्हणजे द्राक्षं विकत घेऊ शकणारा. तोही छोटा आणि घरगुती असू शकतो, म्हणून तेवढ्यावरून नाव खोडू नकोस. शॅम्पेनमधल्या सुमारे ९० टक्के बागा शेतकऱ्यांच्याच आहेत, पण बरेच जण द्राक्षं मोठ्या कंपन्यांना घालतात. या व्यवहाराचं दुखणं जुनं आहे. व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणतात म्हणून १९११ साली तिथे दंगे झाले, आय गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटवल्या गेल्या. आपल्या नावाची बाटली शेतकऱ्याला एवढी मोलाची का वाटते, हे त्यावरून कळतं.

तळघरात उतरताना स्वेटर घाल, ऐन उन्हाळ्यातही. आत दहा-बारा अंशच असतात. भिंतीला हात लावून बघ, खडूचा दगड ओलसर लागतो आणि बोटं पांढरी होतात. आणि कोणी हाताने गाळ काढून दाखवणार असेल तर बाकी सगळं सोडून तिथे थांब. वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, यीस्टचा गाळ हळूहळू तोंडाशी आणलेला असतो, आत दाब सुमारे सहा वातावरणांचा, म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे अडीच पट. मी पाहिलेल्या आजोबांनी बाटली उलटी धरली, चिमट्यासारख्या हत्याराने पत्र्याचं झाकण सैल केलं आणि त्याच झटक्यात ती वर उचलली. ठॅक्! गाळ समोरच्या पिंपात, अंगठा बाटलीच्या तोंडावर. जमिनीवर जेमतेम दोन थेंब सांडले असतील. खोलीभर ताज्या पावाचा वास पसरला. गाळ काढल्याची तारीख काही जण मागच्या लेबलावर छापतात. नसेल तर विचार. साध्या शॅम्पेनला १५ महिने आणि एकाच सालच्या द्राक्षांच्या शॅम्पेनला ३६ महिने तळघरात ठेवावंच लागतं, पण ही मंडळी बहुतेकदा त्याहून जास्त थांबतात. का, ते त्यांच्याच तोंडून ऐक.

तुझ्या तक्त्यातली ट्र्वा शहराकडची दोन घरं या वेळी काढून टाक. तो भाग एपर्ने या गावापासून रस्त्याने शंभरेक किलोमीटर दक्षिणेला आहे, अख्खा दिवस रस्त्यातच जाईल. त्याऐवजी एपर्नेजवळच्या कोत दे ब्लां या भागात मुक्काम कर. क्रामाँ, आव्हीझ, ओजे ही गावं चालत जाण्याइतकी जवळ आहेत, दोन्ही बाजूंना शारदोने या पांढऱ्या द्राक्षांच्या बागा. पायी फिरलास तर गाडीचा प्रश्नच उरत नाही. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम मद्य ही मर्यादा आहे, आणि चार-पाच पेल्यांच्या चवीत ती सहज ओलांडली जाते. चव घेऊन भांड्यात थुंकलंस तरी कोणी वाईट वाटून घेत नाही.

सप्टेंबर मात्र टाळ. तिथे द्राक्षं हातानेच खुडायचा नियम आहे, त्यामुळे त्या दिवसांत सगळं घर बागेत नाहीतर दाबयंत्रापाशी असतं. मे-जूनमध्ये निवांतपणा मिळेल. निघताना दोन-तीन बाटल्या घे. तेवढा वेळ दिल्यावर रिकाम्या हाताने निघणं मला तरी बरं वाटत नाही.

आधी आव्हीझच्या घराला लिही. किती जण येणार, कोणती भाषा बोलता, एवढं दोन ओळींत पुरे. फ्रेंच मसुदा मी उद्या पाठवतो, फक्त तारीख तू घाल. आणि त्यांचं उत्तर आलं की, बाकीचा तक्ता परत मांडण्याआधी मला फोन कर.

तुझा,
मंदार