व्यापारमंत्र्यांना खुलं पत्र: रस्ता झाला, पण परतीचा ट्रक रिकामा का?

मंत्रीमहोदय, नमस्कार.

देशातल्या देशात व्यापार वाढवायचा म्हटलं की दरवेळी नवीन हायवेचीच घोषणा होते. रस्ते हवेतच, पण तेवढ्याने भागत नाही, म्हणून हे लिहितोय.

अर्थतज्ज्ञ टिनबर्गन यांनी 1962 मध्ये मांडलेलं गणित साधं आहे, दोन ठिकाणच्या अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या तितका व्यापार जास्त आणि अंतर वाढलं की कमी. आता हे अंतर म्हणजे नुसते किलोमीटर नाहीत हो, नाक्यावर गेलेले तास, प्रत्येक प्रांताचे वेगळे परवाने, माल कधी पोचेल याचा भरवसा नसणं हे सगळं त्यात आलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे रिकामी परत येणारी गाडी! परतीचं भाडं मिळालं नाही की ट्रान्सपोर्टवाला दोन्ही फेऱ्यांचा खर्च जातानाच्या मालावर लावतो, म्हणजे ज्या भागातून बाहेर विकायला फारसं काही निघत नाही तिथे येणारी प्रत्येक वस्तू महाग पडते, आणि तिथली माणसं आधीच कमी कमावणारी असतात.

चीनमधल्या महामार्गांवर अर्थतज्ज्ञ फेबर यांचा 2014 चा अभ्यास आहे, तो तुमच्या अधिकाऱ्यांनी वाचायलाच हवा. मोठ्या शहरांना जोडताना वाटेत जे छोटे भाग जोडले गेले त्यांची वाढ न जोडलेल्या भागांपेक्षा मंदावली, कारण मोठ्या शहरातला स्वस्त माल आत आला आणि तिथले उद्योग टिकले नाहीत. म्हणून रस्त्यासोबत अशा छोट्या भागांना गोदाम, भांडवल, चांगली वीज पण द्या ना.

ओळखीचाही भाग असतोच. फ्रान्समध्ये दिसलंय की एका भागातले लोक दुसऱ्या भागात जाऊन राहिले की त्या दोन भागांतला व्यापार वाढतो.

देशाची सीमा मधे आली की व्यापार किती घटतो, हेही मोजलं गेलंय. अर्थतज्ज्ञ मॅककॅलम यांनी 1995 मध्ये दाखवलं की कॅनडाचे प्रांत एकमेकांशी जेवढा व्यापार करतात तो तेवढ्याच मोठ्या, तेवढ्याच लांबच्या अमेरिकी राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या सुमारे 22 पट होता. पुढच्या अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला, पण फरक पुसला गेला नाही. आणि हे मोजता आलं कारण प्रांताप्रांतातल्या व्यापाराचे आकडे कॅनडाने ठेवले होते.

माझी मागणी तीच आहे. कुठल्या भागातून कुठे किती माल गेला आणि किती गाड्या रिकाम्या परतल्या, हे दर तिमाहीला जाहीर करा, आणि पुढचा हायवे मंजूर करायच्या आधी करा.

आपला,
एक नागरिक