कॉलेजातल्या रेल्वे कन्सेशनच्या खिडकीतल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या १९९९ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात जमलेल्या निधीतून आपल्या कॉलेजातल्या गरजू मुलांची पहिली परीक्षा फी गेल्या आठवड्यात भरली गेली. वर्गणी आम्ही काढली, पण ती नेमकी कोणाच्या हाती पडायला हवी हे तुम्ही दाखवलंत. फोनवर आभार मानून माझं समाधान होईना, म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय.

दादरला आपण भेटलो तेव्हा आमच्या ग्रुपवर सूचनांची रीघ लागली होती. पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक, वाचनालयाला संगणक, बरंच काही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, ‘आणि फॉर्म न भरता गप्प घरी बसणाऱ्या पोराचं काय?’ त्यानंतर पदकाचा विषय कोणी काढला नाही.

मग तुम्ही पासाचं सांगितलंत. रेल्वे कन्सेशनचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाचे फॉर्म तुम्ही आमच्या काळापासून निवृत्त होईपर्यंत लिहून दिलेत. तिमाही पास स्वस्त पडतो, तरी काही मुलं दर महिन्याला खिडकीशी उभी राहतात, कारण तीन महिन्यांचे पैसे एकदम हातात नसतात. उत्पन्नाच्या दाखल्यावर न दिसणारी अडचण तुम्हाला तिथे दिसायची. आता खिडकीत बसणाऱ्या मॅडमना तुम्ही हीच खूण सांगितलीत, आणि आमच्या यादीतली बहुतेक नावं तिथूनच आली.

सरकारी शिष्यवृत्ती मिळते, नाही असं नाही. पण तहसीलदाराचा दाखला, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज, आधारशी जोडलेलं खातं, एवढं सगळं होऊन पैसे जमा होईपर्यंत परीक्षेच्या फॉर्मची तारीख कधीच उलटून गेलेली असते. म्हणून निधीतून आधी उचल द्यायची, शिष्यवृत्ती आली की मुलाने जमेल तशी फेडायची, नाही जमलं तर तगादा लावायचा नाही, ही तुमची सूचना. मला विचाराल तर अख्ख्या योजनेतली हीच सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

अर्ज अर्ध्या पानाचाच ठेवा म्हणालात आणि त्यात स्वतःच्या हाताने एक प्रश्न घातलात: घरून किती वाजता निघतोस, दुपारी काय खातोस? एकाने लिहिलं होतं, ‘कसाऱ्याहून पहाटेची लोकल. दुपारी काही नाही, घरी गेल्यावर जेवतो.’ ते वाचून आमचा एरवी मोठ्या आवाजात बोलणारा खजिनदार बराच वेळ काही बोलला नाही. कॅन्टीनच्या कुपनांची सोय त्याच संध्याकाळी ठरली.

हिशेबातही तुमचा धाक कामी आला. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०-जीच्या आयकर सवलतीत बसत नाही, तेव्हा रोख घेऊच नका, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मित्रांची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या ट्रस्टला घेता येत नाही, भारतीय पासपोर्टवाल्यांची चालते, हेही तुम्ही अमेरिकेतल्या मंडळींना इतक्या मायेने समजावलंत की कोणी रुसलं नाही.

आणि स्टेजवर चेक देतानाचे फोटो काढायचे नाहीत, हा तुमचा आग्रह. ज्यांची फी भरली त्यांची नावं तुम्ही, मॅडम आणि खजिनदार सोडून बॅचमध्ये कोणालाही माहीत नाहीत. ती मुलं कॉलेजच्या जिन्यात आमच्या शेजारून ताठ मानेने जातात, याचं श्रेय तुमचं आहे.

पुढच्या सत्राचे अर्ज दिवाळीनंतर येतील. छाननीला तुम्ही हवेच आहात. गुडघे दुखत असतील तर दादरपर्यंत येऊ नका, अर्ज घेऊन आम्हीच डोंबिवलीला येतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
१९९९ च्या बॅचतर्फे एक विद्यार्थी