बियांची पाकिटं दिलीत, आता शिकवणारा माणूसही द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी महापालिकेच्या उद्यान विभागात ३१ वर्षं माळीकाम केलं. आता निवृत्त आहे. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत राहतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर एका संस्थेने आमच्या गल्लीत घरटी एक कुंडी, मातीची पिशवी आणि भाजीच्या बियांची पाकिटं वाटली. दसऱ्याच्या सुमारास मी सगळ्या घरांपुढून फिरलो. चाळीस कुंड्यांपैकी तीन हिरव्या होत्या आणि त्यातल्या दोन तुळशीच्या. बाकीच्यांत कुठे कांदे, कुठे कपड्यांचे चिमटे. वाटणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण परत कुणी आलं नाही, शिकवलं नाही, त्याचं मला फार वाईट वाटलं.

काय चुकलं ते मी घरोघर विचारलं. शेजारच्या मावशींनी धने अख्खेच, तेही बोटभर खोल पेरले होते. धने चपलेखाली हलके रगडून त्यांचे दोन भाग करायचे आणि वर जेमतेम मातीची चादर घालायची, हे त्यांना कोण सांगणार? शिवाय बिचाऱ्या मायेने दिवसातून तीनदा पाणी घालत होत्या. मी त्यांना म्हटलं, मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. ओल लागली का? मग आज पाणी नको. मावशी बोट तसंच धरून म्हणाल्या, "एवढंच होतं काका, तर तेव्हाच का नाही कुणी सांगितलं?" दुसऱ्या एका घरात पोरगं गुलाबी बियांशी खेळत बसलं होतं. तो गुलाबी रंग म्हणजे बियांना लावलेलं बुरशीचं औषध असतं, पोटात गेलं तर विष. हे तर पाकीट हातात देतानाच सांगायला हवं होतं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी आम्ही अंगणवाडीच्या दारात बसायला लागलो. आधी चार बाया होत्या, आता चौदा आहेत. कुंडी विकत घ्यायची नाही, हा पहिला नियम. वडेवाल्याकडून तेलाचा १५ किलोचा डबा आणायचा, बुडाला खिळ्याने आठ-दहा भोकं पाडायची. रंगाचे जुने डबे मात्र नकोत, त्यात शिसं असू शकतं. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीवरचं वाळलेलं चिपाड आणि पालापाचोळा, मग माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं. असा डबा हलका राहतो आणि पाणी धरतो. पाणी तांदूळ-डाळ धुतलेलं. नाल्याचं पाणी कितीही जवळ असलं तरी पालेभाजीला घालायचं नाही. पत्र्यावर डबा ठेवायचा नाही, कारण एप्रिलमध्ये तिथलं रोप मुळापासून उकडून निघतं. ज्या दाराला चार तास ऊन मिळतं तिथे मेथी, माठ, चुका. अरुंद बोळात दीड-दोन तासच ऊन येतं, तिथे अळू आणि पुदिना. मायाळूचा वेल एकदा सुतळीवर चढला की महिनोन्महिने पानं देतो. मेथी पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येते.

डब्यातल्या भाजीने पोट भरत नाही, हे मला कळतं. पोट रेशनवर भरतं. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि ते मिळत राहिलंच पाहिजे. पण त्या पिशवीत पालेभाजी नसते. पावसाळ्यात मेथीची जुडी चाळीस रुपयांवर गेली की धुणीभांडी करणारी बाई ती हातात घेते आणि परत ठेवते. हे मी मंडईत डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी मला २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले महाराष्ट्राचे आकडे दाखवले. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. मी आठवडाभर तोच विचार करत होतो. म्हणून आता आम्ही बायांना हेही सांगतो की माठाच्या भाजीवर लिंबू पिळा, त्याने भाजीतलं लोह अंगी लागतं.

गावाकडे सरकारच्या ‘उमेद’ अभियानाच्या बचतगटांतून पोषण परसबागा झाल्या, शाळांच्या परसबागाही आहेत. आमच्या वस्तीपर्यंत तसं काही आलेलं नाही. इथे परस नाही आणि अंगणही नाही, हे खरं, पण उंबरठा आहे, जिन्याची पायरी आहे, खिडकीची जाळी आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते, पण त्यांच्या प्रयोग परिवारात साध्या शेतकऱ्यांनी स्वतः करून पाहिलं आणि एकमेकांना शिकवलं. तेच वस्तीत का होऊ नये?

माझं मागणं साधं आहे. पाकिटं वाटण्यावर जो खर्च होतो त्यातला निम्मा शिकवण्यावर करा. माझ्यासारखे निवृत्त माळी प्रत्येक शहरात आहेत. हातात कसब आहे, दिवस रिकामा आहे. अशा एका माळ्याला एक अंगणवाडी नेमून द्या, आठवड्यातून अर्धा दिवस, निदान तीन महिने, म्हणजे पेरणीपासून दुसऱ्या खुडणीपर्यंत. थोडं मानधन द्या. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि नेमकं तेव्हाच बाई हात टेकते. त्या दिवशी तिथे कुणीतरी हवं.

कुणा अधिकाऱ्याला किंवा संस्थेला बघायचं असेल तर जरूर यावं. दर रविवारी नळाचं पाणी गेलं की, साधारण साडेआठला, आम्ही अंगणवाडीच्या दारात असतो. येत्या रविवारी चुका पेरणार आहोत.

आपला,
एक निवृत्त माळी
जनता वसाहत, पर्वती, पुणे