कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, म्हणजे कॉम्प्लेक्स संख्यांवरचं कॅल्क्युलस, शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

एम.एस्सी.चा निकाल लागला, पेढे देऊन झाले. मनातलं बोलायचं मात्र राहिलं. समोर आभार मानू लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही फळ्यावर १/(१+क्ष²) चा आलेख काढलात. कुठे तुटत नाही, कुठे टोकदार कोपरा नाही. तरी त्याची मालिका, १ − क्ष² + क्ष⁴ − …, उणे एक ते एक यांच्या बाहेर का चालत नाही, असं विचारलंत. वर्ग गप्प. मग तुम्ही काल्पनिक संख्यांचा उभा अक्ष ओढलात आणि वर-खाली दोन ठिपके दिलेत: आय, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, आणि उणे आय. तिथे छेद शून्य होतो, आणि शून्यापासून दोन्ही ठिपके बरोबर एक अंतरावर. मालिका तेवढ्याच अंतरापर्यंत चालते. "आता शून्याऐवजी एकभोवती मालिका मांडा," म्हणालात. ती चालते ती त्रिज्या √२ आली, म्हणजे एकपासून त्या ठिपक्यांचं अंतर! रिअल रेषेवर जे दिसतच नव्हतं, त्याचं कारण रेषेबाहेर बसलेलं होतं. त्या तासाला मला हा विषय आवडला, तो कायमचा.

त्याच आयवरचा रेसिड्यू (त्या ठिपक्याजवळ फंक्शन कसं अनंताकडे जातं ते सांगणारी संख्या) काढून, वरच्या अर्धवर्तुळावरून फिरून, त्याच फंक्शनच्या उणे अनंत ते अनंत इंटिग्रलचं उत्तर पाय आलं. पण "कंसावरचं इंटिग्रल शून्याकडे जातं" एवढं लिहून तुम्ही कुणाला सोडलं नाहीत. कंसाची लांबी किती, त्यावर फंक्शन जास्तीत जास्त किती, हे लिहायलाच लावलंत. मला ही शिस्त फार मोलाची वाटते.

गूर्साच्या सिद्धतेचंही तसंच. आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असलेल्या फंक्शनचं बंद वाटेवरचं इंटिग्रल शून्य, या कोशीच्या प्रमेयाची ती सिद्धता. कोशीने डेरिव्हेटिव्ह सलग धरला होता, गूर्साने १९०० मध्ये ती अटच काढली. पेपरात येवो न येवो, त्रिकोणाचे चार तुकडे, त्यातल्या एकाचे पुन्हा चार, असं सगळं तुम्ही सावकाश करून दाखवलंत.

आणि तास संपल्यावर तेच मराठीतून. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आम्हा मुलींना इंग्रजी व्याख्या पाठ होत्या, पण शंका मराठीतच यायच्या. "कुठल्याही भाषेत विचार, पण विचार," असं तुम्ही म्हणायचात, म्हणून आम्ही विचारत गेलो. मॅडम, त्यासाठी मनापासून आभार.

दिवाळीत घरी येते आहे. ब्रँच कटची (अनेक किमती असलेल्या फंक्शनची एकच किंमत धरता यावी म्हणून प्रतलावर घेतलेला काप) तुम्ही दिलेली गणितं बरोबर आणते; लॉगरिदमचं एक अजून अडलंय.

आपली विद्यार्थिनी