लंडनला जाताना पासची घाई नको, आधी बँकेत जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरातील अनेक घरांतून आई-वडील मुलांना भेटायला लंडनला जातात. निघण्यापूर्वी त्यांना इथेच 'लंडनचा प्रवास पास' विकला जातो. बहुतेकांना त्याची गरज नसते. लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये टॅप करायचे (यंत्राला नुसते टेकवायचे) साधे बँकेचे कार्डच तिकीट म्हणून चालते. दिवसात कितीही फिरलात तरी ठरावीक मर्यादेनंतर पैसे कापले जात नाहीत. सोमवार ते रविवार अशा आठवड्यालाही वेगळी मर्यादा आहे. हा हिशेब यंत्रणा आपोआप करते.

खरी अडचण कार्डाची असते आणि ती इथेच सोडवावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी वापर आणि टॅपची सोय सुरुवातीला बंद असते. बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन दोन्ही चालू करून घ्याव्यात. एकच चालू केली तर लंडनच्या स्टेशनवरचे फाटक उघडत नाही. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड असावे, रुपेवर विसंबू नये. अनेक बँका परकीय चलनातील खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क लावतात. त्यापेक्षा पौंड भरलेले फॉरेक्स कार्ड बरे.

नवरा-बायकोने एकाच कार्डावर प्रवास करायचा विचार सोडून द्यावा. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते. आपल्याकडे खाते बहुधा यजमानांच्या नावावर असते. म्हणून बाईंसाठी महिनाभर आधी अ‍ॅड-ऑन (त्याच खात्यावरचे जोड) कार्ड मागवावे, नाहीतर तिथे ऑयस्टर, म्हणजे पैसे भरून वापरायचे लंडनचे प्रवास कार्ड घ्यावे. त्याची किंमत परत मिळत नाही, हे धरून चालावे. जाताना प्लास्टिकचे कार्ड आणि येताना मोबाइल टॅप केला, तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी समजते आणि दोन्हींवर जादा भाडे लागते. रेल्वेत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टॅप हवेच. फाटक उघडे दिसले म्हणून तसेच बाहेर पडलात, तर कमाल भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र फक्त चढताना टॅप करायचे, उतरताना नाही. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच पडते.

एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास असल्याने ज्येष्ठ मंडळी तिथेही सवलत गृहीत धरतात. साठीपुढची सवलत फक्त लंडनच्या रहिवाशांना आहे. नातवंडांचे तसे नाही: अकरा वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत फुकट जातात.

हीथ्रो विमानतळावर उतरल्यावर शहरात जायला रेल्वेचे तीन पर्याय आहेत. भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त, पण किंग्ज क्रॉसला पोहोचायला जवळपास तास लागतो. एलिझाबेथ लाइन पॅडिंग्टनला अर्ध्या तासात नेते, भाडे मात्र दुपटीहून जास्त. तरीही दोन-दोन मोठ्या बॅगा आणि गुडघ्याचे दुखणे असेल, तर हीच घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण तिच्या प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट किंवा उतार आहे. पिकॅडिलीने गेलात तर ग्रीन पार्क किंवा किंग्ज क्रॉसला लिफ्ट मिळते, लेस्टर स्क्वेअरला नाही. तिसरा पर्याय हीथ्रो एक्स्प्रेस. ती एलिझाबेथच्याच फलाटावर येते आणि तिच्यातही कार्ड चालते. घाईत तिच्यात चढलात तर कितीतरी जास्त पैसे जातात. डब्यात पाय ठेवण्यापूर्वी वरचा फलक वाचावा.

मराठी माणूस लंडनमध्ये हमखास जातो त्या दोन जागा नॉर्दर्न लाइनवर आहेत आणि गोंधळही तिथेच होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिलेले १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले. त्यासाठी चॉक फार्मला उतरावे लागते. सावरकर राहिले ते इंडिया हाऊस ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर आहे. त्यासाठी आर्चवेला उतरावे. ते खासगी घर असल्याने बाहेरची निळी पाटी पाहूनच परतायचे असते. कॅम्डन टाउनला या लाइनला दोन फाटे फुटतात: चॉक फार्मसाठी 'एजवेअर' लिहिलेली गाडी आणि आर्चवेसाठी 'हाय बार्नेट'. दोन्ही गाड्या एकाच लाइनच्या, नकाशावर रंगही एकच, त्यामुळे समोर आली त्या गाडीत बसणारा भलतीकडेच पोहोचतो. चुकलात तर पुढच्या स्टेशनवर उतरून फाटकाबाहेर न पडता कॅम्डन टाउनला परत यावे.

इथून विमानतळ गाठताना फक्त मुंबईचाच विचार करू नये. हैदराबादहूनही लंडनला थेट विमान आहे. नळदुर्ग, उमरगा, जहिराबादमार्गे जाऊन शहरात न शिरता बाह्यवळण रस्त्याने शमशाबादचा विमानतळ गाठता येतो.

परतीच्या दिवशी पिकॅडिलीच्या गाडीवर 'हीथ्रो' लिहिले आहे ना, ते पाहावे. 'अक्सब्रिज' असेल तर अ‍ॅक्टन टाउनला गाडी बदलावी लागते. हीथ्रोच्या गाड्यांतही काही टर्मिनल चारला जातात, काही पाचला. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लाइनच बंद असू शकते. विमान त्या दिवशी असेल, तर आदल्या रात्री लंडनच्या वाहतूक संस्थेच्या 'टीएफएल गो' अ‍ॅपवर मार्ग तपासून घ्यावा.

आपले,
नियमित वाचक, जुळे सोलापूर