घाटमाथ्यावरच्या मामांना, मागच्या डाव्या चाकाबद्दल

मामा, नमस्कार.

तुमच्या गॅरेजच्या गाळ्यातली पोरं तुम्हाला मामा म्हणत होती, म्हणून मीही तेच चालवतो. नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाचं गळणं बंद झालं, हे कळवायला लिहितोय. आणि उघड लिहितोय, कारण त्याच चाकाचं सील, म्हणजे ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी ओठाची कडी, त्याआधी दोनदा बदललं गेलं होतं, आणि दोन्ही वेळा महिनाभरात टायरच्या आतल्या भिंतीवर ऑइलचे ओघळ परत आले होते. का आले, हे आणखी चार गाडीवाल्यांना कळलं तर बरं.

आधीच्या दोन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळालं: "सीलच डुप्लिकेट लागलं असेल." असतंही डुप्लिकेट, बाजारात कमी नाही. पण दुसऱ्यांदा गळल्यावर तरी माणसानं विचारावं ना, की सीलचा ओठ खातंय कोण? एकानं तर गळती थांबावी म्हणून हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागात, बोटांनी ग्रीस ठासलं होतं. हब ग्रीसवर चालणारा असेल तर ग्रीस भरायचंच. पण या गाडीत हौसिंगमधलं, म्हणजे मागच्या लोखंडी कवचातलं, गिअर ऑइलच हबपर्यंत येऊन बेअरिंगना वंगण देतं. तिथं ग्रीसचा गोळा बसला की ऑइलची वाट अडते आणि बाहेरचं बेअरिंग कोरडं पडतं. तो काळा-पिवळा लगदा बघून तुम्ही कुणाला शिवी दिली नाहीत. नुसतं डिझेलचं घमेलं पुढं ओढलंत.

एक्सेल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, काढतानाच खरं तर कळलं होतं की हात वेगळा आहे. नट सैल करून त्याच्या टोकाच्या चकतीच्या, म्हणजे फ्लँजच्या, मधोमध पितळी हातोडीचे दोन घाव, आणि फ्लँज धरून ठेवणारे निमुळते कोन आपोआप सुटून आले. आधीच्या माणसानं फ्लँज आणि हबच्या मध्ये छिन्नी घातली होती, तिचे ओरखडे पॅकिंगच्या जागेवर अजून होते. म्हणजे आत सील गळणार आणि बाहेर पॅकिंग.

पण हे पत्र लिहायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हब उतरवून, तो ज्याच्यावर फिरतो तो स्पिंडल पुसल्यावर तुम्ही ड्रायव्हरला हाक मारलीत. त्याच्या हातातला चहाचा ग्लास बाजूला ठेवायला लावलात, त्याचा अंगठा धरलात, आणि सीलचा ओठ घासतो त्या पट्ट्यावर त्याचं नख आडवं ओढलंत. नख अडकलं. "कळलं का?" एवढंच विचारलंत.

दोन गॅरेजांत जे कुणी सांगितलं नव्हतं, ते त्या एका नखानं सांगितलं. ओठ रबराचा असला तरी ऑइलमधली बारीक कचकच धरून तो लोखंडात चर पाडतो. नवं सील आणून बसवलं की त्याचा कोवळा ओठ नेमका त्याच चरात जाऊन बसतो. चार दिवस धरतो, मग सोडतो. सील कितीही महाग आणा, नख अडकत असेल तर ते टिकायचं नाही. बाकी ठिकाणी ड्रायव्हरला "गाडी लावा आणि लांब बसा" म्हणतात. तुम्ही त्याला जवळ बोलावलंत. तेव्हापासून तो प्रत्येक हब उघडला की आधी नख लावतो, मिस्त्रीला विचारत नाही. माणूस चांगला आहे हे ओळखायला फार मोठं काही लागत नाही मामा, तो आपलं काम दुसऱ्याच्या डोळ्यांपुढं उघडं ठेवतो का, एवढं बघितलं तरी चालतं.

चरावर चढवायची पातळ बाही तुमच्याकडे नव्हती. "जुगाड करतो" म्हणाला असतात तरी कुणी काही बोललं नसतं. तुम्ही व्हर्नियर लावून माप घेतलंत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात फोन केलात आणि संध्याकाळच्या एसटीनं पार्सल मागवलंत. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडी असते त्या बाहीची, म्हणून सीलचं माप बदलावं लागत नाही. सीलच्या तोंडावरचे तीन आकडेही, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, तुम्ही जुन्याशी नाही, तर स्पिंडल आणि हबशी ताडून घेतलेत. जुनं सीलच चुकीचं असू शकतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरा चोर ब्रीदर, म्हणजे हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारी टोपी. हौसिंगवरची ती बोटाएवढी टोपी चिखलानं गच्च बसली होती. घाट चढताना डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणारे गिअर, तापतं, आतली हवा फुगते, वाट मिळाली नाही की सीलमधून ऑइल ढकलते. डिझेलमध्ये धुऊन, तोंडानं फुंकून बघून मगच तुम्ही ती परत आवळलीत. पाच मिनिटांचं काम, आणि आधी दोनदा सील बदलताना कुणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सील ठोकताना ओठ ऑइलच्या बाजूला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तुम्ही जुन्या बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरची कडी, वर ठेवून सगळीकडून सारखं दाबत नेलंत. एका बाजूनं हातोडी मारली की सील तिरकं बसतं आणि जोरात मारली की आतली स्प्रिंग उडते. ओठाला गिअर ऑइल चोळलंत, कारण कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो. सिलिकॉनची पेस्ट ओठापासून चार हात लांब. स्पिंडलच्या आट्यांवर टेप गुंडाळलीत, आणि हब ट्रॉलीवर घेऊन सरळ रेषेत आत सरकवलात. हबचं वजन सीलवर टेकलं की आटे ओठ कापतात, आणि ते गाडी चालल्याशिवाय दिसत नाही.

बेअरिंगचा नट आवळताना हब फिरवत राहिलात, मग सोडून परत हलका आवळलात, आणि शेवटी डायल गेज लावून प्ले, म्हणजे हबची आत-बाहेर हलण्याची मोकळीक, बघितलात. ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटरच्या मध्ये. त्याहून सैल असेल तर हब डुलतो आणि ओठ त्याच्यामागं पळू शकत नाही. अगदीच घट्ट केलं तर बेअरिंग जळतं. अंदाजानं "एक फेरी मागं" करणारे हात खूप बघितले आहेत.

लायनरचा, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांचा, विषय निघाला तेव्हा मात्र मन जरा खट्टू झालं होतं, खर्चामुळं. आधीच्यानं ऑइल प्यालेले लायनर पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवले होते. धुतलं तरी आत मुरलेलं ऑइल तापल्यावर बाहेर येतंच. तुम्ही सरळ म्हणालात, "दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर गाडी आणू नका." एका चाकाला नवे आणि दुसऱ्याला जुने ठेवले तर ब्रेक एका बाजूला ओढतो. सिमेंट भरून आंबा घाट साखरप्याकडे उतरायचा, दोन एक्सेलच्या गाडीचं एकूण वजन १८.५ टनांपर्यंत, त्यातलं ११.५ टन त्याच मागच्या एक्सेलवर. बरोबर बोललात.

आणि शेवटचं. ऑइल लेव्हलच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरून झालं, सगळे हात धुवायला लागले. तुम्ही परत जॅक लावलात. एक बाजू उचलून मिनिटभर थांबलात, मग दुसरी उचलून मिनिटभर. ऑइल दोन्ही हबांत गेलं. गाडी सपाट जागेवर खाली आणून बोल्ट उघडलात तर लेव्हल बरीच उतरलेली. हे केलं नसतं तर पहिले कितीतरी किलोमीटर नवी बेअरिंग जवळजवळ कोरडीच फिरली असती.

बिलात उजव्या हबची मजुरी लावायला विसरलात का मुद्दाम सोडलीत, ते कळलं नाही. पुढच्या खेपेला देतो, तेव्हा नको म्हणू नका. जुनी दोन्ही सीलं तुमच्याकडंच राहिली आहेत, ती पोरांना दाखवायला ठेवा, ओठावरचा काप नीट दिसतो.

परवा ड्रमच्या आतल्या बाजूनं हात फिरवला. बोटांना फक्त कोरडी काळी धूळ लागली.

तुमचा,
डाव्या चाकाचा मालक