बोर्डापुढं जाण्याआधी

प्रिय आई, प्रिय पप्पा,

जय ख्रिस्त.

हे फोनवर बोलणं काही जमत नाही. पप्पा "हं, हं" करून आईच्या हातात फोन देतात, आई रडायला लागते आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहितेय. आधी पप्पांनी वाचा, आईचा चष्मा अजून दुकानातच असणार.

डायसिसच्या, म्हणजे बिशपसाहेबांच्या ऑफिसातून पत्र आलंय. डीकनच्या दीक्षेसाठी बोर्डापुढं मुलाखतीला येणार का, ते महिनाअखेर कळवायचंय. आई, 'पोरगी या नाताळला प्रभुभोजन देणार' असं तू गल्लीत सांगून मोकळी झालीस म्हणे. तसं नसतं गं. आधी डीकन, म्हणजे पाळकपणाची पहिली पायरी, मग पुढं प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक. डीकननं वचन सांगायचं, आजाऱ्यांच्या घरी जायचं, प्रभुभोजनाला हाताशी उभं राहायचं. भाकर आणि प्याल्यावरची प्रार्थना प्रेस्बिटरच करणार. तेव्हा ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांना आता तूच समजावून सांग.

मुलाखतीची मला धास्ती नाही. पुण्याला चार वर्षं बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी केली ती अगदीच वाया गेलेली नाही. बंगालात सेरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्यानं मराठी नवा करार १८११ साली छापला, सहा मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला आपली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पौलानं तीमथ्याला लिहिलेली यादीही पाठ आहे: पाहुणचार करणारा, पैशाचा लोभ नसलेला, शिकवता येणारा, नवखा नसलेला, एका बायकोचा नवरा. ही शेवटची अट मला कशी लावायची ते बोर्डानंच ठरवावं. पण 'नवखा नसावा' यावर मात्र मी अडते.

गेल्या हंगामात पाळकसाहेबांबरोबर नाताळला साखर कारखान्याच्या तळावर गेले होते, ते तुम्हाला धड सांगितलंच नाही. इकडच्या वाड्यांमधली आपली निम्मीअधिक घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर. म्हणजे नाताळला चर्चवर लायटिंग, आणि आत म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. मंडळी ऊसाच्या फडात. म्हणून पाळकसाहेब नाताळ तिकडं घेऊन जातात.

रात्री तोडणीवाल्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ताडपत्री अंथरून बसलो. मी तीन मुद्द्यांचा संदेश लिहून नेला होता, सेमिनरीत शिकवतात तसा. एक भजन झालं, मी उभी राहिले, पहिला मुद्दा अर्ध्यात आला आणि रस्त्यावर ट्रॅक्टरचे दिवे दिसले. गाडी भरायला आली होती. मुकादमानं हाक मारली तशा बायका उठल्या, पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. एकीनं तान्हं पोरगं माझ्या मांडीवर दिलं, "बाई, धरा जरा, आत्ता येते," म्हणाली आणि गेली. पाळकसाहेबांनी उभ्या उभ्या दोन ओळींत आशीर्वाद दिला, पिशवीतून बॅटरी काढली आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीजवळ जाऊन उभे राहिले. डोक्यावर मोळी घेऊन बायका त्या अरुंद फळीवरून वर चढतात, पाय कुठं टाकायचा ते दिसावं म्हणून. ट्रॉली भरेपर्यंत ते तसेच उभे होते. कुणी त्यांना काही म्हटलं नाही. दर वर्षी असंच होत असणार, सगळ्यांना सवयीचं होतं. नवी फक्त मी.

पोरगं माझ्याजवळच झोपलं. संदेशाचे उरलेले अडीच मुद्दे आजही बायबलात घडी करून ठेवलेत.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, आणि पप्पा, ती तुम्हाला लगेच कळेल. इथल्या एका घरातली पोरगी बारावी झाली, नर्सिंगला जायचंय. घर पिढीजात मंडळीतलं, पण कागदावर जात जुनीच. बाप संध्याकाळी येऊन म्हणाला, "बाई, पोरीला बाप्तिस्मा द्यायचाच हाय, पण चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत नाव तेवढं लिहू नका. उद्या कुणी काढलं तर जातीचा दाखला जाईल." त्याचं म्हणणं खोटं नाही. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला बौद्ध आले. आपण अजून बाहेरच. वाडा तोच, विहिरीची आठवण तीच, गावातली वागणूक तीच. रविवारी चर्चला गेलं की मात्र दाखल्यावरचा हक्क जातो.

पप्पा, तुम्ही माझ्या शाळेच्या फॉर्मवर सरळ ख्रिश्चन लिहिलंत. डेपोतल्या लोकांनी तुम्हाला वेड्यात काढलं होतं, आई सांगते. मला त्याचा अभिमान आहे. पण तुम्हाला एसटीची नोकरी होती, महिन्याला पगार होता. कोयत्यावर जाणाऱ्या माणसाकडून तेवढीच हिंमत मागायला माझी जीभ उचलत नाही. आणि बाप्तिस्मा देऊन वही कोरी ठेवायची, तर ती वही कशाची? पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "दीक्षा झाली की सही तुझी. तू सांग." एवढंच. त्या बापाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझं मत वहीत नाव लिहिण्याकडेच झुकतं, पण त्या घराला खोटारडं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही.

आईच्या लग्नाच्या काळजीवर फार लिहीत नाही. स्थळांना पाळक जावई चालतो, पाळक सून म्हटलं की चहा थंड होतो, हे मलाही दिसतं. सीएनआयनं बायकांना दीक्षेची वाट मोकळी करून चाळीसेक वर्षं झाली, तरी आपल्या भागात लोक माझ्याकडं बघून 'साहेब कुठंयत?' असंच विचारतात. मात्र बायका अंगावरचं दुखणं मला सांगतात, साहेबांना सांगत नाहीत. मला तेवढं पुरतं.

पगाराचं पप्पांचं बरोबर आहे, भागणार नाही. कवी आणि पाळक नारायण वामन टिळकांनी १९१७ ला मिशनचा पगार सोडून दिला होता. मी तेवढी मोठी नाही, मिळेल तो घेणार. त्यांचाच बाप्तिस्मा १८९५ चा आणि दीक्षा १९०४ ची. मधली नऊ वर्षं ते काही हात जोडून बसले नव्हते, काम करतच होते. माझंही काम चालूच आहे, मग थांबायचं तरी कशासाठी, असं मी स्वतःला विचारून बघितलं. एक वर्ष पुढं ढकललं तर मी काय शिकणार? पुस्तकातलं शिकून झालंय. जे येत नाही ते या पाळकसाहेबांच्या मागं फिरूनच येणार, आणि ते दोन वर्षांत रिटायर होतायत. डीकनपण असतंच मुळी कुणाच्या तरी हाताखाली शिकण्यासाठी.

तेव्हा मी होकार कळवतेय. सोबत एक विनंती जोडतेय, की पोस्टिंग इथंच ठेवा, निदान पुढचे दोन हंगाम. पप्पा, इथं तुमची मदत लागणार आहे, ती अशी की काही करू नका. मामा कमिटीत आहेत म्हणून 'पोरीला जालन्यातच घ्या' असा शब्द टाकायला सांगू नका. तुम्ही सांगाल, ते टाकतील आणि मला इथून उचलतील. शहरातल्या चर्चला माणसं मिळतात, इकडं यायला कुणी राजी नसतं.

आई, पांढरी साडी घेऊ नकोस, मुलाखत होऊ दे आधी. घ्यायचंच असेल तर एक जाड स्वेटर घेऊन ठेव आणि बॅटरी, चार्जिंगची, मोठ्या उजेडाची. या नाताळला आम्ही परत तळावर जाणार आहोत. पप्पांना यायचं असेल तर त्यांनीही यावं, डिसेंबरात त्यांना तसंही घरी करमत नाही. फक्त गुडघ्याचा पट्टा विसरू नका, जीप रस्त्यावरच थांबते, पुढं फडापर्यंत चालावं लागतं.

बोर्डाचं झालं की त्याच दिवशी फोन करते. तोवर गल्लीत काही बोलू नका.

तुमची,
बेबी